पहिले पिस्तूल घेताना : सभासदांनी काय पाहावे?



यंदाच्या गटसभांतून वळसंग भागातील काही सभासदांनी एक प्रश्न विचारला. "साहेब, रानडुकरे ऊस लोळवतात, बिलाचे पैसे घेऊन रात्री-बेरात्री यावे लागते. एखादे पिस्तूल घ्यावे म्हणतो. कोणते घ्यावे?" तोंडी उत्तर देण्यापेक्षा सर्वांसाठी लिहिलेले बरे, म्हणून हा लेख.

काम कोणते ते आधी ठरवा

लावणीआधी आपण जमीन व पाणी पाहतो आणि मगच को 86032 लावायचा की दुसरी जात, ते ठरवितो. शेजाऱ्याने लावला म्हणून आपणही लावला असे करीत नाही. हत्याराचेही तसेच आहे.

डुकरासाठी पिस्तूल घेणार असाल तर तो विचार सोडा. .32 पिस्तुलाची गोळी साडेचार ग्रॅमच्या आसपास असते. मोठे डुक्कर तिने जागेवर पडेल याचा भरवसा नाही. जखमी डुक्कर मात्र माणसावर येते. शिवाय उभ्या उसात पलीकडचे दिसत नाही. चुकलेली गोळी किलोमीटरभर जाऊ शकते, आणि पलीकडे तोडणीवाल्यांच्या खोपी असतात, पोरेबाळे असतात.

पीकसंरक्षणासाठी शस्त्र कायदा 1959 मध्ये ठासणीच्या बंदुकीची तरतूद आहे. ती पुरी पडत नाही अशी अधिकाऱ्यांची खात्री झाल्यास किमान 20 इंच नळीच्या, गुळगुळीत नळीच्या दुसऱ्या बंदुकीचा परवाना मिळू शकतो. बंदुकीचा परवाना मिळाला म्हणजे शिकारीची परवानगी मिळाली असे मात्र नव्हे. त्यासाठी वन खात्याची लेखी परवानगी वेगळी लागते. काळविटाला तर 1972 च्या वन्यजीव कायद्याचे पूर्ण संरक्षण आहे. नुकसान झाले की लगेच वन खात्याकडे अर्ज करून पंचनामा करून घ्यावा. तोच सरळ मार्ग आहे.

स्वसंरक्षणासाठी घ्यायचे असेल तर

आपोआप दुसरे काडतूस भरणाऱ्या पिस्तुलाची रीत अशी. चाप ओढला की गोळी पुढे जाते आणि धक्क्याने स्लाईड मागे येते. रिकामे काडतूस बाहेर पडते, स्प्रिंगने स्लाईड पुढे जाताना मॅगझीनमधले नवे काडतूस चेंबरमध्ये जाते. प्रत्येक गोळीला चाप नव्याने ओढावा लागतो.

जुन्या घाटाची नावाजलेली पिस्तुले बहुतेक जॉन ब्राऊनिंग या अमेरिकन कारागिराच्या डोक्यातून निघाली. त्याचे .45 चे पिस्तूल अमेरिकन सैन्याने 1911 साली स्वीकारले. आपल्या सैन्याचे 9 मि.मी. पिस्तूलही त्याच घराण्यातले. पण सैन्याचे 9 मि.मी. काडतूस चालेल असे पिस्तूल आपल्याला साध्या परवान्यावर मिळत नाही. आपल्या वाट्याला मुख्यतः .32 बोअर येते.

त्यात दोन वाटा आहेत. एक म्हणजे सरकारी शस्त्र कारखान्याचे नवे 'अशनी'. दुसरी म्हणजे जुने विलायती : कोल्ट 1903, ब्राऊनिंग 1910, वेब्ली-स्कॉट, वॉल्थर पीपी. 1980 च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य माणसाला हत्यारे आयात करणे बंद झाले, त्यामुळे ह्या जुन्या मालाला भाव आला. भाव आहे म्हणून माल चांगला असेलच असे नाही, बरं का! जुने घेताना पुढील गोष्टी पाहाव्यात :

1. नळीत उजेड धरून पाहा. आतले आटे स्पष्ट असावेत; गंजाचे खड्डे नकोत.
2. मॅगझीन मूळचे आहे का, जादा मिळते का? बहुतेक अडकाअडकी मॅगझीनमुळेच होते.
3. सेफ्टी लावून, रिकाम्या पिस्तुलाचा चाप ओढून बघा. घोडा पडता कामा नये.
4. घोडा बाहेरून दिसणारे असल्यास नवख्याला बरे. कोल्ट 1903 चा घोडा आत झाकलेला आहे, ब्राऊनिंग 1910 ला तर बाहेरचा घोडाच नाही. ते चढलेले आहे की नाही हे वरून कळत नाही.
5. नंबर परवान्यावरील नोंदीशी जुळलाच पाहिजे. विकणाऱ्याने पोलीस ठाण्यास किंवा जिल्हा दंडाधिकाऱ्यांस लेखी कळवून 45 दिवस थांबायचे असते. घाई करणाऱ्याकडून घेऊ नये.

मला विचाराल तर पहिलेपणी रिव्हॉल्व्हर बरे. चक्र उघडले की भरलेले की रिकामे ते डोळ्यांना दिसते. पिस्तुलाचे मॅगझीन काढले तरी एक काडतूस चेंबरमध्ये राहू शकते, आणि "रिकामेच आहे" म्हणत घरातला माणूस जातो. म्हणून क्रम पाठ करा : आधी मॅगझीन काढा, मग स्लाईड मागे ओढा, मग चेंबर डोळ्यांनी पाहा. तोंड कायम मोकळ्या दिशेला, बोट चापाबाहेर.

परवान्याबाबत

वय 21 पूर्ण हवे. ग्रामीण भागासाठी अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे करावा. पोलीस ठाण्याकडून चौकशी होते. 2016 च्या नियमांप्रमाणे सुरक्षित वापराचे प्रशिक्षण लागते. 2019 च्या दुरुस्तीपासून परवान्याची मुदत 5 वर्षे असून एका व्यक्तीस जास्तीत जास्त 2 हत्यारे ठेवता येतात. हळदीत, वरातीत किंवा निवडणुकीच्या गुलालात बार काढून कोणाच्या जिवाला धोका केल्यास 2 वर्षांपर्यंत कैद, 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

शेवटी एकच. हत्यार घरात आले की ते कुलपात राहिले पाहिजे आणि किल्ली एकाच माणसाकडे. कपाटात उघडे ठेवायचे असेल, तर घेऊच नये. आणि बिलाच्या रकमेची भीती वाटत असेल तर रोख काढण्याची गरजच काय? रक्कम बँकेतच ठेवा. पुष्कळांची गरज तेवढ्यानेच भागेल आणि ते पैसे ठिबकला लागतील.

— ऊस विकास अधिकारी