दहा बाय आठच्या खोलीतला खर्ज

नव्वदच्या दशकात अभंगांची किंवा भावगीतांची कॅसेट काढायची म्हटलं की चालींच्याही आधी शिफ्टचा हिशोब मांडावा लागे. मुंबईतला स्टुडिओ शिफ्टवर मिळायचा. त्या भाड्यात खोली आणि रेकॉर्डिस्ट आला. वादकांचं मानधन वेगळं, संयोजकाचं वेगळं, टेपच्या रिळाचे पैसे वेगळे. गायकाचा घसा ऐन वेळी बसला तरी घड्याळ थांबत नसे. त्यामुळे मंडळी घरी तालमी घासूनपुसून यायची, आणि तरीही संध्याकाळ होत आली की एखाद्या अंतऱ्यावर 'चालवून घेऊ' असा समझोता व्हायचाच. त्या काळातल्या कित्येक कॅसेटींत दुसऱ्या बाजूची शेवटची दोन गाणी किंचित घाईत म्हटल्यासारखी वाटतात, त्याचं कारण बहुधा हेच असावं.

घरच्या घरी रेकॉर्डिंग करायची कल्पना मात्र तेव्हा नवी नव्हती. जपानच्या टिॲक कंपनीने १९७९ मध्ये टॅस्कॅम नावाखाली पोर्टास्टुडिओ १४४ बाजारात आणला. नेहमीच्या कॅसेटला दोन्ही बाजूंचे मिळून चार ट्रॅक असतात. या यंत्राने ते चारही एकाच दिशेने वापरले आणि टेप दुप्पट वेगाने पळवली. म्हणजे साठ मिनिटांच्या कॅसेटवर पंधरा मिनिटं, पण चार स्वतंत्र ट्रॅक. तीन भरले की ते एकत्र करून चौथ्यावर उतरवायचे आणि तीन पुन्हा मोकळे करून घ्यायचे. अशा प्रत्येक उतरवणीत टेपचा फुस्स आवाज थोडा वाढायचा. अमेरिकेत ब्रूस स्प्रिंगस्टीनने १९८२ च्या जानेवारीत न्यू जर्सीतल्या भाड्याच्या घरात, दोन शूअर एसएम ५७ माईक आणि हे यंत्र घेऊन आपल्या नव्या गाण्यांचा कच्चा खर्डा केला. नंतर वादकसंचासह तीच गाणी स्टुडिओत करून पाहिली, पण ती काही जमेनात. शेवटी खिशात बिनकव्हरची हिंडवलेली ती कॅसेटच 'नेब्रास्का' नावाने तबकडीवर आली.

आपल्याकडे हे यंत्र फारसं दिसलं नाही. त्याची किंमत सुमारे १,२०० डॉलर. डॉलर तेव्हा आठ रुपयांच्या आसपास होता, पण आयातीचे निर्बंध आणि जकात धरली की ती गोष्ट मध्यमवर्गीय गायकाच्या आवाक्याबाहेरच जायची. इथली जुगाड होती ती दोन टेपरेकॉर्डरची. एकावर पेटी-तबला वाजवत ठेवायचा, समोर बसून गायचं आणि दोन्ही मिळून दुसऱ्यावर घ्यायचं. पंख्याची घरघरही अर्थात त्यात यायची. ही कॅसेट कंपनीला दाखवण्यापुरती, डमी म्हणून.

घरातला स्टुडिओ काय करू शकतो हे भारतात पहिल्यांदा ठसठशीतपणे दिसलं ते चेन्नईत. ए. आर. रहमान यांनी १९८९ मध्ये घराच्या आवारात पंचतन रेकॉर्ड इन उभारला. सुरुवातीला तिथे जाहिरातींची जिंगल्स व्हायची. १९९२ मध्ये 'रोजा'चं संगीत आलं आणि पहिल्याच चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. हा स्टुडिओ स्वस्तातला मुळीच नव्हता. पण त्यात शिफ्ट नव्हती! रात्री अडीचला सुचलेली गोष्ट तेव्हाच करून बघता येत होती. माझ्या मते घरच्या स्टुडिओचा खरा फायदा हाच. पैशाची बचत त्यानंतर येते.

याची दुसरी बाजू मुंबईत दिसली, आणि ती गोव्याशी जोडलेली आहे. हिंदी चित्रपटांचा वाद्यवृंद कित्येक दशकं गोव्याच्या वादकांनी पेलला. पॅरिशच्या शाळेत स्वरलिपी शिकून आलेली ही माणसं समोर ठेवलेला कागद पाहून पहिल्या झटक्यात वाजवायची. शंकर-जयकिशनच्या गाण्यांचं संयोजन करणारे सेबॅस्टियन डिसोझा त्यांतले. दुसरे अँथनी गोन्साल्विस. प्यारेलाल त्यांचे शिष्य, आणि 'अमर अकबर अँथनी'मधल्या अमिताभच्या गाण्यात गुरूचं नाव आलं ते त्यांच्यामुळेच. सिंथेसायझर आला, १९८३ मध्ये मिडीमुळे वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्यं एकमेकांशी बोलू लागली, आणि चाळीस व्हायोलिनांचं काम एका कळफलकावर आलं. आम्हाला जे घरी परवडू लागलं, त्याची किंमत काही प्रमाणात या लोकांच्या रोजगाराने मोजली. घरच्या स्टुडिओचं कौतुक करताना हा धागा सहसा गाळला जातो.

पुढची दहा-बारा वर्षं संगणकाची. इथे झपाट्याने पुढे जायला हरकत नाही, कारण सगळ्यांचीच कहाणी सारखी आहे. साऊंड ब्लास्टरचं कार्ड, त्याच्या मागच्या बारीक भोकात खुपसलेला कॉम्प्युटरचा माईक, आणि लॅमिंग्टन रोडच्या किंवा पुण्यात तापकीर गल्लीच्या आसपासहून आणलेली सामग्री. कूल एडिट प्रो कुणी विकत घेतल्याचं ऐकिवात नाही. ते मित्राच्या मित्राकडून सीडीवर यायचं. ते सॉफ्टवेअर अडोबीने २००३ मध्ये घेतलं आणि त्याचं ऑडिशन केलं. ऑडॅसिटी २००० पासूनच फुकट होतं. २००६ मध्ये विनॲम्पचे कर्ते जस्टिन फ्रँकेल यांच्या रीपरची पहिली पूर्ण आवृत्ती आली. आज त्याचा छोटा परवाना ६० डॉलरला मिळतो आणि त्यात व्यावसायिक स्टुडिओतलं बहुतेक काम होतं. चोरीची सीडी शोधायचं कारणच उरलं नाही.

त्या काळातल्या एका दुखण्यावर मात्र थांबायला हवं, कारण आपल्या संगीताला ते जास्त बोचलं. ते म्हणजे आवाज उशिरा परत येणं. माईकमधून गेलेला आवाज संगणक तुकड्या-तुकड्यांनी उचलतो. तुकडा १,०२४ नमुन्यांचा असेल आणि सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले जात असतील, तर जाताना सुमारे २३ मिलिसेकंद आणि येताना तितकेच, असे मिळून ४६ मिलिसेकंद जातात. एवढ्या वेळात ध्वनी हवेतून साधारण सोळा मीटर जातो. म्हणजे हेडफोन लावून वाजवणाऱ्या तबलजीला स्वतःचाच तबला हॉलच्या पार त्या टोकाला कुणीतरी वाजवत असल्यासारखा ऐकू येतो. विलंबितात तो हे सोसेल. पण मिनिटाला २४० मात्रांच्या तीनतालात एक मात्रा पाव सेकंदाची, आणि ४६ मिलिसेकंद हा तिचा जवळजवळ पाचवा हिस्सा. तिथे हात अडखळतोच. मग एका कानावरचा हेडफोन सरकवून वाजवायची पद्धत पडली. मोकळ्या कानाला तबला थेट ऐकू यायचा, पण सरकवलेल्या हेडफोनातली लय देणारी क्लिक माईकमध्ये सांडायची. एएसआयओ ड्रायव्हर आणि यूएसबीवर चालणारी चांगली इंटरफेस आली तेव्हा तुकडा १२८ नमुन्यांवर आणता आला, आणि जाऊन-येऊन सहा-सात मिलिसेकंदांत काम भागू लागलं. फोकसराईटची स्कार्लेट मालिका २०११ ची. तिच्यानंतर दोन माईक लागणारी, ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा देणारी लहानशी पेटी ही चैनीची वस्तू राहिली नाही.

माईकही उतरले. नॉयमनचा यू ८७ हा १९६७ पासूनचा स्टुडिओतला मानाचा माईक आजही काही लाखांत जातो, पण चिनी कारखान्यांनी मोठ्या पडद्याचा कंडेन्सर इतका खाली आणला की नवशिक्याची पहिली खरेदी हमखास तीच असते. माझ्या मते ती चुकीची खरेदी आहे. कंडेन्सर सगळं ऐकतो: गायक, त्याच्या मागची भिंत, शेजारच्यांच्या कुकरची तिसरी शिट्टी, खालच्या रस्त्यावरचा भंगारवाला. १९६६ पासून जसाच्या तसा चालत आलेला शूअर एसएम ५८ ओठांपासून चार बोटांवर धरला, तर आपल्याकडच्या खोलीत तो बहुतेक वेळा सरस ठरतो. त्याला गेन जास्त लागतो, वरच्या स्वरांतली झिलई थोडी कमी मिळते, हे मान्य.

गाडं अडतं ते खोलीवर. चाळीस वर्षांत यंत्रं शंभर पटींनी स्वस्त झाली म्हटलं तरी चालेल. डोंबिवलीतली किंवा कोथरूडमधली एक जादा खोली मात्र उलट्या दिशेने गेली. इमारतीत मिळते ती दहा बाय आठची बेडरूम. तिच्या आठ फुटांत म्हणजे २.४४ मीटरमध्ये ध्वनीची अर्धी लाट नेमकी बसते ती सुमारे ७० हर्ट्झला. आता काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा षड्ज घ्या: १३८.६ हर्ट्झ. त्याच्या तानपुऱ्याचा खर्ज त्याच्या निम्मा, ६९.३. म्हणजे ज्या स्वरावर सगळं गाणं उभं, तोच त्या खोलीला झोंबणारा स्वर! भिंतीलगत माईक लावला तर खर्ज घुमत राहतो, आणि खोलीच्या रुंदीच्या बरोबर मध्यावर लावला तर तोच खर्ज पोकळ होऊन जातो. गोदरेजचं कपाट खोलीत असेल तर त्याचा दरवाजाही साथ करतो. पांढरी चारच्या बाईंना त्याच खोलीत काहीच त्रास होत नाही, आणि मग त्यांचा नवरा म्हणतो की माझ्याच आवाजात काहीतरी खोट आहे.

यावर भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवायचा उपाय पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो. त्यानंतर काळ्या-लाल फोमच्या टोकदार चौकटी आल्या. ७० हर्ट्झची पूर्ण लाट पाच मीटरच्या घरात असते. एक इंचाचा फोम तिच्या खिजगणतीत नाही. फोम फक्त वरचे स्वर खातो. त्यामुळे खोलीतलं तेज जातं आणि घुमणं तसंच राहतं, म्हणजे आधीपेक्षा वाईट. खरा उपाय दिसायला गबाळा आहे. लाकडी चौकटीत चार इंच जाडीचं रॉकवूल भरायचं, तंतू उडू नयेत म्हणून वरून मांजरपाट ताणून ठोकायचं, आणि चौकटी कोपऱ्यांत तिरक्या उभ्या करायच्या. सुताराची मजुरी धरूनही हे बरेचदा इंटरफेसपेक्षा स्वस्त पडतं. तेही नको असेल तर कापसाच्या जुन्या गाद्या कोपऱ्यांत उभ्या करून पाहाव्यात. फरक पहिल्याच टेकला कळतो. टाळेबंदीत, २०२० मध्ये, कित्येक निवेदक कपड्यांच्या कपाटात डोकं घालून वाचत होते, आणि कपड्यांची ती दाटी आवाजाला खरोखर मानवत होती. मराठी श्राव्यपुस्तकांना तोवर स्टोरीटेलसारख्या मंचांमुळे मागणी आलेलीच होती.

बाहेरचा आवाज अडवणं मात्र रॉकवूलचं काम नाही. त्याला वजन लागतं: जाड भिंत, जड दार, फटी बुजवलेली खिडकी. आपल्या सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडक्या सगळ्यात आधी दगा देतात. पुण्यात गणपतीच्या आधीचे कित्येक आठवडे संध्याकाळी पथकांचा सराव चालतो, तेव्हा नदीकाठच्या इमारतीत माईक उघडण्यात अर्थ नसतो. रात्री एकनंतर शांतता मिळते, पण तेव्हा वरच्या पट्टीत तान घेतली तर सोसायटीच्या बैठकीत विषय निघतो. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत तर एक चमत्कारिक सोय होती. वीज गेली की शेजारचे टीव्ही, पंप, लिफ्ट सगळं एकदम गप्प होई, आणि बॅटरीवरच्या लॅपटॉपवाल्याला सगळ्यात स्वच्छ टेक तेव्हाच मिळायचे. घामाने मात्र अंगरखा भिजायचा.

परदेशातलं उदाहरण नेहमी दिलं जातं ते बिली आयलिश आणि तिचा भाऊ फिनियस यांचं. लॉस एंजेलिसमधल्या आईवडलांच्या घरी, भावाच्या झोपायच्या खोलीत त्यांनी २०१९ चा अल्बम बहुतांशी केला आणि पुढच्या वर्षी त्याला सर्वोत्कृष्ट अल्बमचं ग्रॅमी मिळालं. त्यातून काय घ्यायचं ते घ्यावं, पण ते गाणं त्या खोलीसाठीच रचलेलं आहे. कुजबुजता आवाज, माईकला चिकटून. ख्यालगायकाने, कीर्तनकाराने किंवा लावणी गाणारीने कुजबुजायचं कसं? आणि ज्याला खरोखर मोठा वाद्यवृंद हवा असतो, तो आजही मोठ्या जागेतच जातो. अजय-अतुल यांनी २०१६ च्या 'सैराट'साठी सिंफनीचं ध्वनिमुद्रण थेट हॉलिवूडमध्ये केलं.

घरातल्या रेकॉर्डिंगने आणखी एक गोष्ट बदलली. तबलजी आता सांगलीहून फाइल पाठवतो, बासरीवाला ठाण्याहून, आणि गायिका सगळ्यांच्या शेवटी गाते. क्लिकवर सगळं नीट जुळतं. पण अंतऱ्याकडे जाताना गायक लय जराशी ओढतो आणि तबलजी त्याच्या चेहऱ्याकडे पाहून सम सांभाळतो, ती देवघेव फाइलीत येत नाही. माझ्या ओळखीतल्या काही जणांनी म्हणून उलटी वाट धरली आहे. घरचीच सामग्री, म्हणजे लॅपटॉप, इंटरफेस आणि दोन चांगले माईक, पिशवीत घालून ते मंगल कार्यालय भाड्याने घेतात. चातुर्मासात मुहूर्त नसतात, कार्यालयं रिकामी असतात, पण पत्र्यावरचा पाऊस माईकला पुरून उरतो. पौष उत्तम. लग्नं नाहीत, पाऊस नाही, पंखे लावायची गरज नाही, आणि भाड्यात घासाघीसही चालते. पेटी, तबला आणि गायक जवळजवळ बसवायचे, दोन माईक त्यांच्यासमोर चार-पाच फुटांवर, आणि एका दिवसात सहा गाणी. सतरंज्या काढू नयेत, कार्यालयाची फरशी फार बोलते. रखवालदाराला मात्र आधीच गाठून सांगून ठेवायचं, की टाकीचा पंप सकाळीच चालवून घे, टेक चालू असताना बटणाला हात लावू नको.