काम संपलं, तरी मेमरीत मुक्काम

ओपनएज एबीएल या व्यावसायिक प्रोग्रामिंग भाषेत साधी प्रोसीजर काम संपताच मेमरीतून जाते. पण ‘रन’ आज्ञेला ‘पर्सिस्टंट’ जोडलं, की ती तिथेच मुक्काम ठोकते आणि तिच्यातली छोटी कामं पुन्हा पुन्हा करून घेता येतात. तिच्यापर्यंत पोहोचायचं ते हँडलमार्फत. मात्र हँडल ठेवणारं व्हेरिएबल नाहीसं झालं, तरी प्रोसीजर हलत नाही. क्लासचे ऑब्जेक्ट वापरात नसले की आपोआप साफ होतात. प्रोसीजरला ती सोय नाही. ‘डिलीट प्रोसीजर’ आपणच लिहावं लागतं. अखंड चालणाऱ्या सर्व्हरवर हा विसर महागात पडतो, कारण प्रत्येक विनंतीमागे एक प्रत साचत जाते.

विसरलेल्या प्रती शोधता येतात. ‘सेशन’चं ‘फर्स्ट-प्रोसीजर’ पहिलीचं हँडल देतं, ‘नेक्स्ट-सिब्लिंग’ पुढचीचं. इथे क्रम सांभाळा: आधी पुढचं हँडल बाजूला ठेवा, मगच हातातली प्रोसीजर काढा. उलट केलंत तर पुढची वाटच हरवते. सरसकट सगळ्या उडवूही नका. फाइलचं नाव तपासून आपलीच काढा. ज्या कोडने प्रोसीजर सुरू केली, त्यानेच ती बंद करावी, हा नियम प्रत्येक टीमने पहिल्या दिवसापासून पाळायला हवा.