वॉलपेपर काढायचाय? आधी एक कोपरा सोलून बघा

जुना वॉलपेपर काढायचा असेल तर पेंटरला भाव विचारण्याआधी मोजपट्टी घ्या. १० बाय १२ ची खोली, उंची १० फूट: चारही भिंती मिळून ४४० चौरस फूट. दार-खिडकीचे साधारण ४० वजा केले की उरतात ४००. बहुतेक अंदाज इथेच थांबतात. खरा खर्च मात्र कागदाखाली काय आहे यावर ठरतो.

म्हणून कपाटामागे २ बाय २ फुटांचा तुकडा सोलून बघाच. व्हायनिलचा वरचा थर कोरडाच निघतो, पण खालचा कागद चिकटून राहतो. त्यावर कोमट पाणी मारून पंधरा-वीस मिनिटं थांबायचं, मग पत्र्याने खरवडायचं. (स्विचबोर्डजवळ मेन बंद करूनच!) कागदाबरोबर जुनी पुट्टीही सुटून आली, तर नुसत्या डागडुजीवर भागणार नाही, पुट्टीचे दोन हात पूर्ण भिंतीला धरा. काळी बुरशी दिसली तर आधी ओल कुठून येते ते शोधा. तो खर्च वेगळा, आणि तो टाळून केलेलं बाकी सगळं काम वाया जातं.

गोंद धुऊन काढणं अंदाजपत्रकात हमखास राहून जातं. गोंद राहिला की प्राइमर नीट धरत नाही, पुढे पोपडे येतात.

काढणं, गोंद धुणं, पुट्टी, पॉलिश पेपर, प्राइमर, कचरा उचलणं, प्रत्येकाचा फुटाचा भाव वेगळा लिहून घ्या. आणि शक्यतो हे काम पावसाळ्यात काढू नका.