मूत्रपिंड आणि हृदय

सावजी रश्श्यावरची लाल तर्री पाहून आपल्याला हृदयाची आठवण होते, मूत्रपिंडाची होत नाही. परंतु दोहोंचे नाते निकटचे आहे. मूत्रपिंडाच्या जुनाट विकाराचे अनेक रुग्ण डायलिसिसची पाळी येण्यापूर्वीच हृदयविकाराने दगावतात. म्हणून अशा ५० वर्षांपुढील रुग्णांना, कोलेस्टेरॉल फारसे वाढलेले नसले तरी, डॉक्टर स्टॅटिन गटाचे औषध देतात. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या ‘शार्प’ चाचणीत सुमारे ९,२७० रुग्ण होते. सिमव्हास्टॅटिन व एझेटिमाइब या जोडीने रक्तवाहिन्या तुंबून होणारे गंभीर आघात १७ टक्क्यांनी घटले. मात्र डायलिसिस सुरू झाल्यावर नव्याने दिलेल्या स्टॅटिनचा ठळक लाभ जर्मनीतील २००५ च्या चाचणीत आढळला नाही. तेव्हा वेळेला महत्त्व आहे. घरच्या मधुमेही वडीलधाऱ्यांच्या रक्ततपासणीत कोलेस्टेरॉलबरोबर क्रिएटिनिनही अवश्य पाहावे.