खेळाच्या कपड्यांचा घसारा

व्यापारी घरातल्या शाळकरी मुलाच्याही कानावर 'घसारा' हा शब्द कधी ना कधी पडलेला असतो. यंत्र, फर्निचर, टेम्पो यांची किंमत दरवर्षी वहीत थोडी खाली उतरवायची, कारण वापराने वस्तू झिजते. कपड्याच्या बाबतीत हा शब्द केवळ हिशेबाचा राहत नाही. कपडा खरोखरच घासला जातो आणि संपतो. खेळाच्या आणि व्यायामाच्या कपड्यांचे वैशिष्ट्य असे, की त्यांचा पुष्कळसा घसारा मैदानावर होतच नाही. तो मोरीत, धुलाईयंत्रात आणि दोरीवर होतो.

हिशेब साधा आहे. समजा, ९०० रुपयांचा धावण्याचा टी-शर्ट १०० वेळा अंगात घातला गेला, तर प्रत्येक वेळचा खर्च ९ रुपये. तोच ३० धुण्यांत ढिला पडला, त्याला वास धरला आणि तो कपाटाच्या तळाशी गेला, तर खर्च ३० रुपये. सकाळी फिरायला जाणारे आजोबा, योगवर्गाला जाणारी सून, जिमला जाणारा मुलगा आणि बॅडमिंटन खेळणारी नात असे चौघे एका घरात धरले, की वर्षाचा आकडा डोळ्यांत भरण्याजोगा होतो. कापडाचा पोत नुसत्या बोटांनी ओळखणाऱ्या घरांतही हे नुकसान घडते आणि त्याचे कारण निष्काळजीपणा नव्हे. काळजी पुरेपूर घेतली जाते, पण ती दुसऱ्याच कापडाची असते.

आपल्याकडची धुण्याची सारी रीत सुती कापडावर घडली. कढत पाण्यात भिजवायचे, दगडावर आपटायचे, घट्ट पिळायचे, खणखणीत उन्हात टाकायचे, वर खळ आणि इस्त्री. कापसाला हे सोसते, कारण कापसाचा तंतू ओला झाला की कोरड्याहून अधिक बळकट होतो. तालमीतला लंगोट, सुती बनियन, शाळेची खाकी चड्डी ही खेळाची वस्त्रे याच रीतीने वर्षानुवर्षे टिकली. कापसाचा दोष एकच, तो आटतो.

हे आटणे म्हणजे तंतू जळणे किंवा झिजणे नव्हे. मागावर आणि नंतरच्या प्रक्रियेत कापड लांबीच्या दिशेने सतत ताणलेले असते. पाणी, उष्णता आणि हालचाल मिळाली की सूत तो ताण सोडते आणि आपल्या स्वाभाविक जागी परत जाते. होजिअरीच्या कापडात फंदे एकमेकांत अडकवलेले असल्यामुळे ताण अधिक आणि म्हणून आटणेही अधिक. जुन्या कापड दुकानदारांना 'सॅन्फोराइज्ड' हा थानावरचा शिक्का आठवत असेल. अमेरिकेतील सॅनफोर्ड क्लूएट यांनी १९३० च्या सुमारास ही पद्धत प्रचारात आणली. गिरणीतच यंत्राने कापड दाबून आधी आटवून घ्यायचे, म्हणजे गिऱ्हाइकाच्या घरी ते आटायचे उरत नाही. तिरुपूरच्या होजिअरी कारखान्यांत आज हेच काम कॉम्पॅक्टिंग नावाने चालते. तरीही स्वस्त सुती टी-शर्टात थोडे आटणे शिल्लक राहतेच. शाळेच्या क्रीडादिनासाठी घेतलेला सुती टी-शर्ट एक माप मोठा घ्यावा आणि पहिली दोन-तीन धुणी थंड पाण्यात काढावीत, हा वडीलधाऱ्यांचा सल्ला आजही खरा आहे.

आजच्या खेळाच्या कपड्यात मात्र कापूस क्वचितच असतो. त्यात असते पॉलिएस्टर किंवा नायलॉन, आणि जोडीला शंभरात पाच ते वीस भाग स्पॅन्डेक्स, ज्याला बाजारात लायक्रा या व्यापारी नावाने ओळखतात. स्पॅन्डेक्सचा शोध १९५८ साली ड्यूपाँ कंपनीतील रसायनशास्त्रज्ञ जोसेफ शिव्हर्स यांनी लावला. हा धागा मूळ लांबीच्या पाचपट ताणला तरी परत येतो. पॉलिएस्टर पाण्यात आटत नाही, कारण गिरणीत त्याला जबर उष्णता देऊन त्याचा आकार आधीच पक्का केलेला असतो. तेव्हा अशा कपड्याबाबत 'आटला' ही तक्रार सहसा येत नाही. 'ढिला पडला', 'गुडघ्यावर पोंगा आला', 'कमरेची पट्टी सैल झाली' या तक्रारी येतात, आणि त्या सर्वांच्या मुळाशी स्पॅन्डेक्सचे मरण असते.

स्पॅन्डेक्सचे शत्रू तीन. पहिली उष्णता, दुसरे क्लोरीन, तिसरे प्रखर ऊन. पॉलिएस्टरलाही उष्णता फारशी मानवत नाही. ७० ते ८० अंश सेल्सिअसच्या पुढे तो मऊ पडू लागतो आणि त्या अवस्थेत पडलेल्या सुरकुत्या थंड झाल्यावर कायमच्या बसतात. म्हणून बहुतेक लेबलांवर पाण्याच्या टोपलीच्या चित्रात ३० किंवा ४० हा आकडा छापलेला असतो. नळाचे साधे पाणी पुरते, गीझर लावण्याचे कारण नाही. लेबल खुपते म्हणून कात्रीने कापून टाकण्याची घाई पुष्कळांना असते. निदान त्यापूर्वी ते वाचावे. टोपलीखाली आडवी रेघ म्हणजे हळुवार धुणे, त्रिकोणावर फुली म्हणजे ब्लीच नको, चौकोनाच्या कोपऱ्यात तिरकी रेघ म्हणजे सावलीत वाळवणे.

चौकोनातल्या वर्तुळाविषयी मात्र आपल्याकडे मोठा घोटाळा आहे. हे चिन्ह फिरत्या पिंपात गरम हवेने कपडे वाळवण्याचे. आपल्या घरोघरच्या सेमी-ऑटोमॅटिक यंत्रातल्या दुसऱ्या टाकीला सारेजण 'ड्रायर' म्हणतात, पण त्यात गरम हवा नसते. ती नुसती गरागरा फिरून पाणी पिळून काढते. तिने कपडा आटत नाही. खरा ड्रायर अमेरिकेत घरोघर असतो, आणि तिकडे गेलेल्या मुलांचे सुती टी-शर्ट पहिल्या महिन्यात आखूड होतात ते त्याच्या प्रतापाने. आता मुंबई-पुण्याच्या सदनिकांतही धुणारे आणि वाळवणारे एकत्र यंत्र येऊ लागले आहे. ज्या घरात ते आहे, तिथे वर्तुळावर फुली असलेला एकही कपडा वाळवणीच्या फेरीत जाऊ नये. पिळणीची फेरीही मिनिटाला १२०० ऐवजी ६०० ते ८०० फेऱ्यांवर ठेवली, तर ताणाच्या कपड्यांना बरे.

यंत्रात घालण्यापूर्वी कपडा उलटा करावा. घाम, कातडीचे तेल आणि मृत पेशी आतल्या बाजूला असतात, धुवायचे ते तिथले. शिवाय बाहेरचा चेहरा, त्यावरचा क्रमांक आणि नाव घासण्यापासून वाचतात. जीन्स, टॉवेल आणि गुडघ्याचे पट्टे यांच्या संगतीत हे कपडे कधी टाकू नयेत. जीन्सचे बटण आणि व्हेलक्रोचे आकडे तलम जाळीदार कापडाचे फंदे ओढतात. दहा-वीस रुपये वाचवण्यासाठी जाळीची पिशवी न घेणे हा खोटा काटकसरपणा आहे.

आता वासाविषयी. घाम स्वतः जवळजवळ वासहीन असतो. वास करतात ते त्यावर वाढणारे जिवाणू. बेल्जियममधील गेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात २६ जणांना टी-शर्ट घालून सायकलीवर जोरदार व्यायाम करायला लावला आणि नंतर ते टी-शर्ट वास ओळखणाऱ्या तज्ज्ञ मंडळींसमोर ठेवले. पॉलिएस्टरचे टी-शर्ट सुतीपेक्षा निश्चितपणे अधिक दुर्गंधी ठरले, आणि मायक्रोकॉकस जातीचे जिवाणू पॉलिएस्टरवर विशेष वाढलेले दिसले. पॉलिएस्टरला पाण्याचे वावडे आणि तेलाचे प्रेम. हवेतली ओल कापूस आपल्या वजनाच्या सुमारे आठ टक्के धरतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. पण कातडीचे तेल मात्र तो चिकटून धरतो आणि त्या तेलावर जिवाणूंचे जेवण चालते.

वास आला की गृहिणीचा हात सुगंधी कंडिशनरकडे जातो, आणि इथेच मोठी चूक होते. कंडिशनर म्हणजे धाग्यावर बसणारा स्निग्ध लेप. घाम शोषून बाहेर नेणे हे त्या कापडाचे सारे कौशल्य धाग्यांमधल्या बारीक वाटांवर अवलंबून असते. लेपाने त्या वाटा बुजतात, आतला मळ आतच कोंडला जातो आणि चार दिवस गुलाबाच्या वासाखाली तोच कुबट वास दडून बसतो. खेळाच्या कपड्यांना कंडिशनर पूर्ण वर्ज्य. डिटर्जंट वाढवणे हाही उपाय नव्हे, कारण न निघालेला साबण हाही लेपच. बोअरवेलच्या जड पाण्यात तर साबणाची वडी मुळीच वापरू नये. पाण्यातल्या कॅल्शियमशी तिचा संयोग होऊन राखी रंगाचा चिकटा कापडावर बसतो. द्रव डिटर्जंट मापाने घ्यावे आणि खळबळण्याची एक फेरी जास्त द्यावी. वास फारच धरला असेल तर धुण्यापूर्वी बादलीभर थंड पाण्यात दोन चमचे खाण्याचा सोडा घालून अर्धा तास भिजवावे.

पण सर्वांत स्वस्त उपाय वेळेचा आहे. घामेजलेला कपडा पिशवीत गुंडाळून संध्याकाळपर्यंत गाडीत राहिला, की धुणे दुप्पट अवघड होते. ताबडतोब धुणे शक्य नसेल तर निदान साध्या पाण्यात खळबळून दोरीवर टाकावा.

इथवरचा प्रश्न पैशाचा होता. कातडीचा प्रश्न त्याहून गंभीर आहे. जांघेत, कमरेच्या पट्ट्याखाली, काखेत उठणारे गजकर्ण गेल्या काही वर्षांत देशभर चिवट झाले आहे. त्याला कारण असलेल्या एका बुरशीला शास्त्रज्ञांनी २०२० साली ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असे नावच दिले. टर्बिनाफिन हे नेहमीचे औषध तिच्यावर पुष्कळदा चालत नाही. घट्ट, घामट, अर्धवट वाळलेला कपडा हे या बुरशीचे माहेरघर. आणि तिच्या बाबतीत धुण्याचा नियम नेमका उलटा होतो. ३०-४० अंशांच्या पाण्यात ही बुरशी जिवंत राहते आणि तिला मारण्यासाठी पाणी ६० अंशांचे लागते. तेच पाणी स्पॅन्डेक्सला घातक.

इथे कपडा आणि माणूस यांत निवड करावी लागते, आणि तिला तिसरा पर्याय नाही. संसर्ग झालेल्या व्यक्तीने बरे होईपर्यंत घट्ट लेगिंग, सायकलीच्या चड्ड्या बाजूला ठेवाव्यात आणि सैल सुती कपडे घालावेत, जे कढत पाणी आणि इस्त्री दोन्ही सोसतात. त्या व्यक्तीचे कपडे, टॉवेल, मोजे घरच्या इतर धुण्यात मिसळू नयेत. आधी वापरलेले ताणाचे कपडे एकदा ६० अंशांत काढावे लागले आणि त्यात ते ढिले पडले, तर ते नुकसान सोसावे. त्वचारोगतज्ज्ञाच्या दोन महिन्यांच्या औषधापुढे ते काहीच नाही. दुकानातून आणलेले मलम स्वतःच लावत राहणे मात्र टाळावे. पुष्कळशा मिश्र मलमांत स्टेरॉइड असते, खाज थांबते आणि बुरशी पसरत राहते.

वाळवण्याची खरी परीक्षा पावसाळ्यात. कोकणात किंवा मुंबईत जुलैमध्ये सुती कपडा दोन दिवस ओला राहतो. पॉलिएस्टर पाणी धरीतच नाही, म्हणून नीट झटकून, दोन कपड्यांत चार बोटांचे अंतर ठेवून पंख्याखाली टाकला तर सहसा रात्रीत वाळतो. दारे-खिडक्या बंद करून भरगच्च दोरी लावली तर तोही कुबटतो. उरलेल्या आठ महिन्यांत ऊन भरपूर. तिथे कपडा उलटा करून सकाळच्या कोवळ्या उन्हात वाळवावा आणि वाळताच आत घ्यावा. दिवसभर गच्चीवर राहिलेल्या काळ्या लेगिंगचा रंग आणि ताण दोन्ही उतरतात. ओला सुती टी-शर्ट खांद्यांवर चिमटे लावून लटकवला तर पाण्याच्या वजनाने लांबतो. तो मधोमध दुमडून दोरीवर टाकावा. मुलींची खेळाची अंतर्वस्त्रे सपाट पसरून वाळवावीत. कोणतीही घट्ट वस्तू पिळू नये. कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळून दाबली की पुरेसे पाणी निघते.

पोहण्याच्या पोशाखाचे आयुष्य सर्वांत कमी, कारण तलावातले क्लोरीन. तलावातून बाहेर येताच तो साध्या पाण्यात स्वच्छ खळबळून घ्यावा. घरी जाऊन बघू म्हटले तर तोवर क्लोरीन आपले काम करीत असते. कबड्डी-क्रिकेटच्या जर्सीवर चिकटवलेल्या क्रमांकावर इस्त्री फिरवू नये, एवढे सांगितले की जर्सीचे प्रकरण संपते.

कपड्याचा शेवट ओळखण्याची खूणही सोपी. कमरेची पट्टी दोन्ही हातांनी ताणून सोडावी. ती लाटांसारखी राहिली, किंवा शिवणीतून केसांसारखे पांढरे पारदर्शक तंतू डोकावू लागले, तर आतले स्पॅन्डेक्स तुटले आहे आणि कोणत्याही धुण्याने ते परत येणार नाही. जुने सुती बनियन पुसायचे फडके म्हणून आणखी वर्षभर कामाला येते. पॉलिएस्टरचा टी-शर्ट पाणीच टिपत नाही, म्हणून फरशीला निरुपयोगी. जुन्या लेगिंगच्या लांब पट्ट्या मात्र कापून ठेवाव्यात. गच्चीवरच्या टोमॅटोच्या रोपांना काठीशी बांधायला त्या सुतळीपेक्षा बऱ्या, कारण त्यांत उरलेला थोडा ताण खोडाला काचत नाही.