दोन घंट्यांचं उत्तर

डहाणू लोकल बोईसरला थांबते. उतरणारे उतरतात, चढणारे चढतात, आणि मोटरमनच्या केबिनला लागून असलेल्या डब्यात बसलेल्याला बारीक आवाज ऐकू येतो, टिंग-टिंग. मागच्या टोकाच्या गार्डनं दोन घंट्या दिल्या, म्हणजे निघायला हरकत नाही. मोटरमन तेवढ्यावर गाडी सोडत नाही. तोही दोन घंट्या परत देतो, मग गाडी हलते. गाडीची दोन टोकं एकमेकांना दिसत नाहीत. म्हणून घंटा देणं पुरेसं नाही, ती ऐकल्याचं उत्तर यावं लागतं.

याच बोईसरला लागून असलेल्या तारापूर एमआयडीसीतल्या सर्व्हर रूममध्ये नेमकी हीच घंटा कित्येकदा अनुत्तरित राहते, आणि तिकडे कुणाचं लक्ष नसतं. त्याबद्दल लिहायचं आहे.

पूर्वी कंपनीत हजेरीला एक संगणक, स्टोअरला दुसरा, लॅबच्या नोंदींना तिसरा असायचा. आता एकाच दणकट मशीनवर हे सगळे ‘व्हर्च्युअल मशीन’ (व्हीएम) म्हणून राहतात. मोठं मशीन यजमान, आतली पाहुणे. फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रामरनं 2003 मध्ये क्यूईएमयू लिहिलं, 2007 मध्ये लिनक्सच्या गाभ्यात केव्हीएम आलं, आणि या दोन्हींच्या जोडीनं ही सोय छोट्या कंपनीच्याही आवाक्यात आली. यजमानाच्या लेखी आख्खा पाहुणा म्हणजे चालू असलेली एक प्रोसेस, आणि त्याची हार्ड डिस्क म्हणजे बहुधा एक मोठी फाइल. पाहुणा किती मेमरी खातो, किती प्रोसेसर वापरतो, हे यजमानाला बाहेरून कळतं. आत कोण काय लिहितंय, लिहून संपलंय की अर्ध्यावर आहे, हे कळत नाही.

आणि अर्ध्यावर असणं ही लिनक्सची रोजची स्थिती आहे. आपण नोंद ‘सेव्ह’ केली की ती लगेच डिस्कवर उतरतेच असं नाही. ती आधी मेमरीत थांबते, आणि नेहमीच्या सेटिंगमध्ये सुमारे 30 सेकंदांत, सवडीनं खाली लिहिली जाते. वेग त्यामुळेच मिळतो. डेटाबेस महत्त्वाच्या नोंदी ताबडतोब डिस्कवर उतरवायचा आग्रह धरतात, पण सगळेच नाही. अशा वेळी यजमानानं पाहुण्याला न विचारता डिस्कची नक्कल काढली, तर ती नक्कल लाइट गेल्याच्या क्षणाची असते. आजच्या फाइल सिस्टिम आणि पोस्टग्रेससारखे डेटाबेस अशा धक्क्यातून बहुतेक वेळा सावरतात. ‘बहुतेक वेळा’ या शब्दांवर कंपनीच्या नोंदी सोडाव्यात का, हा प्रश्न आहे.

बोईसरच्या एका कंपनीत त्याचं उत्तर मी पाहिलं. बॅचच्या नोंदींचा जुना सर्व्हर व्हीएमवेअर या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रणालीवरून क्यूईएमयू-केव्हीएमवरच उभ्या असलेल्या प्रॉक्समॉक्सवर हलवला होता. ब्रॉडकॉमनं नोव्हेंबर 2023 मध्ये व्हीएमवेअर कंपनी विकत घेतली, पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी परवान्यांची विक्री थांबली, आणि तेव्हापासून असं स्थलांतर ठिकठिकाणी चालू आहे. तिथे रात्रपाळीत बॅकअप व्हायचा आणि सकाळी हिरवी खूण दिसायची. पावसाळ्यात एकदा डिस्क गेली. बॅकअपमधून मशीन उभं राहिलं, पण बॅचच्या नोंदींचा तक्ता उघडेना. तो मायआयएसएएम या जुन्या प्रकारचा होता, आणि अर्धवट लिहिलेल्या अवस्थेतून तो आपणहून सावरत नाही. दोन दिवस पोरं कागदी बॅच शीटवरून आकडे पुन्हा भरत बसली होती. नंतर बॅकअपची जुनी लॉग फाइल उघडली, तर प्रत्येक रात्री एक ओळ इमानानं लिहिलेली होती. एजंट नेमलेला आहे पण चालू दिसत नाही, म्हणून फाइल सिस्टिम गोठवणं वगळलं. बॅकअप तरीही ‘यशस्वी’ ठरत होता. ती ओळ कुणी वाचली नव्हती, मीसुद्धा नाही.

हा एजंट म्हणजे ‘गेस्ट एजंट’, पाहुण्याच्या आत बसून यजमानाच्या घंटेला उत्तर देणारा छोटा प्रोग्राम. त्याला नेटवर्क लागत नाही. यजमान आणि पाहुणा यांच्यात व्हर्टआयओ-सिरियल नावाची खास तार असते, त्यावरून साधे मजकुरी निरोप जातात-येतात. पाहुण्याचं नेटवर्क बंद असलं तरी घंटा पोचते. प्लांटचं नेटवर्क ऑफिसपासून मुद्दाम तोडून ठेवणाऱ्या कंपन्यांसाठी ही मोठी सोय आहे.

केमिकल कंपनीत फिटर आपल्या मनानं पाइपलाइन उघडत नाही. वर्क परमिट निघतं, ऑपरेटर वॉल्व बंद करून टॅग लावतो, मग पाना लागतो. एजंट तेच करतो. बॅकअप सुरू होताना यजमान ‘गोठव’ म्हणतो. एजंट मेमरीत थांबलेलं सगळं डिस्कवर उतरवायला लावतो आणि नवं लिखाण अडवून धरतो. त्याआधी हुक नावाची छोटी स्क्रिप्ट चालवून डेटाबेसलाही सावध करता येतं. नक्कल सुरू होण्याचा क्षण पकडला की ‘सोड’ असा निरोप येतो. बॅकअप पुढे तासभर चालला तरी गोठलेपण एरवी काही क्षणांचंच. मधल्या काळात पाहुण्यानं एखाद्या जागी नवं लिहायचं म्हटलं, तर यजमान तिथला जुना मजकूर आधी बाजूला काढून ठेवतो.

या रचनेतल्या दोन गोष्टी मला फार आवडतात. गोठवल्यावर एजंट स्वतःची लॉग लिहिणंही थांबवतो, कारण गोठलेल्या डिस्कवर लिहायला गेला तर तोच अडकेल आणि सोडवायला कुणी उरणार नाही. त्या काळात तो मोजकेच हुकूम ऐकतो, आणि त्यांत ‘सोड’ असतोच. दुसरी गोष्ट थेट लोकलची आहे. जुनं, उशिरा आलेलं उत्तर नव्या प्रश्नाचं समजलं जाऊ नये म्हणून यजमान आधी एक आकडा पाठवतो आणि एजंटला तोच आकडा परत पाठवावा लागतो. दोन घंट्यांना दोन घंट्या.

आता उत्तर येत नसेल तर काय पाहायचं? आत एजंट बसवणं हे एका ओळीचं काम आहे. डेबियन-उबुंटूवर एपीटीनं, रेड हॅटच्या घराण्यात डीएनएफनं, ‘क्यूईएमयू-गेस्ट-एजंट’ हे पॅकेज घ्यायचं. पुष्कळजण इथेच थांबतात. पण तार बाहेरून जोडावी लागते. प्रॉक्समॉक्समध्ये व्हीएमच्या ऑप्शन्समध्ये एजंटची खूण करावी लागते, आणि त्यानंतर मशीन पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावं लागतं. पाहुण्याच्या आतून दिलेला रीबूट पुरत नाही, कारण तार हे नवं हार्डवेअर आहे आणि आतल्या रीबूटनं बाहेरची प्रोसेस तीच राहते. सगळ्यांत जास्त वेळ मी याच जागी वाया जाताना पाहिला आहे. तार नसेल तर एजंटची सर्व्हिस तिची वाट पाहते, दीड मिनिटानं ‘डिपेंडन्सी फेल्ड’ म्हणते, आणि माणसं पॅकेज काढून पुन्हा टाकत बसतात. दोष आत नसतोच. आतल्या ‘डेव्ह’ डिरेक्टरीत ‘व्हर्टआयओ-पोर्ट्स’ ही जागा दिसते का एवढं पाहिलं की तार आहे की नाही ते कळतं.

याउलट एक संदेश उगाच घाबरवतो. सर्व्हिस ‘एनेबल’ करायला गेलं की तिला इन्स्टॉलेशनची माहितीच नाही असं उत्तर काही आवृत्त्यांत येतं. ती चूक नव्हे. तार दिसली की ती सर्व्हिस आपोआप उठते. रेड हॅट घराण्यात आणखी एक वळण आहे. एजंट घंटेला उत्तर देतो, पण आत कमांड चालव म्हटलं तर नकार येतो. काही हुकूम तिथे सुरक्षिततेसाठी आधीच बंद ठेवलेले असतात आणि त्यांची यादी एजंटच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये सापडते.

बोईसरच्या त्या सर्व्हरचं कारण आणखी साधं होतं. आत जुन्या घरचा एजंट, ओपन-व्हीएम-टूल्स, तसाच बसलेला होता. तो व्हीएमवेअरची भाषा बोलतो. प्रॉक्समॉक्सची घंटा त्याच्या कानांसाठी नव्हतीच.

एजंटचा दरवाजा मात्र दोन्ही बाजूंनी उघडतो. यजमानावर ताबा असलेला माणूस त्याच्यामार्फत आत कमांड चालवू शकतो, पासवर्ड बदलू शकतो. आत बसलेला एजंट किती धोक्याचा ठरू शकतो, याचा धडा सप्टेंबर 2021 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या अझूर क्लाउडवर मिळाला. काही सेवा सुरू करताच लिनक्स मशीनमध्ये ओएमआय नावाचा मॅनेजमेंट एजंट ग्राहकाच्या नकळत बसत होता, आणि निरोपातून ओळखीचा भागच गाळला तर पाठवणाऱ्याला थेट रूटचे अधिकार मिळत होते. ‘ओएमआयगॉड’ नावानं गाजलेल्या त्या दोषाची तीव्रता 10 पैकी 9.8 ठरली होती. म्हणून एजंट असावा, पण तो कुणाचा आहे, कुठली आवृत्ती आहे आणि त्याला कोणते हुकूम चालतात, हे आपल्या वहीत लिहिलेलं असावं. कोणता एजंट आत आहे हेच माहीत नसणं, हे एजंट नसण्याहून वाईट.

बोईसर, पालघर, वसईकडच्या कंपन्यांत सिस्टिम सांभाळणाऱ्यांना, आणि त्यांच्या मालकांनाही, माझी विनंती आहे. बॅकअपची हिरवी खूण पाहून थांबू नका, खालची लॉग पूर्ण वाचा. प्रॉक्समॉक्सच्या यजमानावरून प्रत्येक व्हीएमला एकदा एजंटचा ‘पिंग’ द्या. सगळं ठीक असेल तर पडद्यावर काहीच उमटत नाही, फक्त प्रॉम्प्ट परत येतो. चूक उमटली तर तार आणि एजंट, दोन्ही तपासा. मग याच आठवड्यात एक बॅकअप रिकाम्या मशीनवर उतरवून त्यातला डेटाबेस उघडून बघा.