मोठ्या पंगतीतून उठलेलं विद्यापीठ

जयपूरहून आग्र्याकडे निघालं की थोड्याच वेळात कानोता लागतं. या गावच्या ठाकूर घराण्यातल्या अमरसिंहांनी १८९८ ते १९४२ अशी ४४ वर्षं इंग्रजीत रोजनिशी लिहिली. तिचे ८९ खंड भरले. जोधपूरला तिथल्या राजघराण्यातल्या सर प्रताप यांच्या तालमीत वाढलेला हा घोडेस्वार चीनच्या मोहिमेवर गेला, पहिल्या महायुद्धात फ्रान्स आणि मेसोपोटेमियात राहिला, पुढे जयपूर लान्सर्सचा प्रमुख झाला. पोलोचं त्याला वेड होतं, आणि त्या खेळाबद्दल तो खेळणाऱ्याच्या जागेवरून लिहीत होता. रोजनिशीच्या सुरुवातीच्या वर्षांवरचं ‘रिव्हर्सिंग द गेझ’ हे पुस्तक सुझान आणि लॉइड रुडॉल्फ या दांपत्याने मोहनसिंह कानोता यांच्यासह सिद्ध केलं. दोघंही शिकागो विद्यापीठात राज्यशास्त्राचे प्राध्यापक होते. २०१४ साली दोघांना पद्मभूषण मिळालं.

रुडॉल्फ १९६४मध्ये शिकागोला शिकवायला गेले, तेव्हा त्या विद्यापीठाला ‘बिग टेन’ सोडून १८ वर्षं झाली होती. अमेरिकेतल्या विद्यापीठीय खेळांची ती सर्वांत मानाची पंगत. तिथून आपण होऊन उठलेल्या विद्यापीठाची गोष्ट आपल्याकडच्या लहान विद्यापीठांनी जरूर वाचावी अशी आहे.

आधी ‘बिग टेन’सारखी ‘कॉन्फरन्स’ म्हणजे काय ते सांगायला हवं. आपल्याकडे विद्यापीठाचा विभाग नकाशावरून ठरतो. भारतीय विद्यापीठ संघाच्या स्पर्धांत महाराष्ट्र, गुजरात, गोवा, राजस्थान पश्चिम विभागात खेळतात. त्यात निवडीला वाव नाही. अमेरिकेत विद्यापीठं एकमेकांना निवडून गट करतात, तीच ‘कॉन्फरन्स’. सामन्यांचं वेळापत्रक, नियम, पंच, आणि आता टीव्हीचा अफाट पैसा, सारं त्या गटातून येतं. त्यामुळे गट सोडणं म्हणजे पुढच्या हंगामात खेळायचं कोणाशी, हा प्रश्न नव्याने अंगावर घेणं.

शिकागो बिग टेन गटाचं संस्थापक सदस्य. १८९६मध्ये सात विद्यापीठांनी तो उभा केला. अध्यक्ष हार्पर यांनी १८९२मध्ये विद्यापीठ सुरू होतानाच अमोस अलोन्झो स्टॅग या प्रशिक्षकाला प्राध्यापकाच्या दर्जाने आणलं होतं. स्टॅग चाळीस वर्षं तिथे राहिले आणि त्यांनी अमेरिकी फुटबॉलमध्ये सात अजिंक्यपदं मिळवून दिली. १९०५मध्ये शिकागोने मिशिगनला २-० असं हरवलं आणि त्या संघाची ५६ सामन्यांची अपराजित घोडदौड थांबवली. देशातल्या सर्वोत्तम विद्यापीठीय फुटबॉलपटूला मिळणारा, आज हाइसमन नावाने ओळखला जाणारा करंडक १९३५मध्ये पहिल्यांदा दिला गेला, तोही शिकागोच्याच जे बर्वांगर याला.

त्यानंतर चारच वर्षांत सगळं कोसळलं. शेजारची सरकारी विद्यापीठं विद्यार्थिसंख्येने फुगत होती. खेळाडूंना झेपतील असे शारीरिक शिक्षणाचे अभ्यासक्रम त्यांच्याकडे होते. शिकागोने मात्र १९३१पासून सर्वांना सारखाच कडक अभ्यासक्रम लावला आणि खेळाडूला त्यातून सूट ठेवली नाही. १९३९च्या हंगामात मिशिगनने ८५-० असं लोळवलं. हार्वर्ड आणि ओहायो स्टेट या दोघांनीही ६१-० असं हरवलं. मैदानाबाहेर शिकागोची मुलं हुशार होती, मैदानावर जीव तोडून खेळत होती. पण सामना बरोबरीचा राहिलाच नव्हता. त्याच डिसेंबरात अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांच्या आग्रहावरून विश्वस्तांनी फुटबॉल बंद केला. प्रशिक्षक क्लार्क शॉनेसी स्टॅनफर्डला गेले आणि पुढच्याच हंगामात तो संघ एकही सामना न हरता रोझ बोल हा मानाचा सामना जिंकून आला. प्रशिक्षकात खोट नव्हती, हे त्यावरून उघड झालं.

फुटबॉल गेला तरी शिकागोने गट मात्र सोडला नाही. माझ्या मते खरं नुकसान तिथे झालं. बास्केटबॉल आणि बाकीचे संघ आपल्याहून कितीतरी मोठ्या विद्यापीठांशी खेळत आणि हरत राहिले. त्यांच्या मागे उभं राहणारी गर्दी फुटबॉलबरोबरच निघून गेली होती. विद्यापीठाच्या स्टॅग फील्ड मैदानाच्या प्रचंड प्रेक्षागृहांना काम उरलं नाही. पश्चिमेकडच्या प्रेक्षागृहाखाली रॅकेटने खेळायचं एक बंदिस्त कोर्ट होतं. २ डिसेंबर १९४२ रोजी त्याच कोर्टात, ग्रॅफाइटच्या विटा आणि युरेनियम रचून, एन्रिको फर्मी यांच्या चमूने माणसाने घडवलेली पहिली स्वयंपोषी अणुसाखळी प्रक्रिया चालवून दाखवली. त्या जागेचं नाव जगाच्या इतिहासात गेलं. खेळाडूंना मात्र तिथे कोणी विचारत नव्हतं. अखेर मार्च १९४६मध्ये विद्यापीठाने बिग टेनमधून अंग काढून घेतलं. १९४९मध्ये मिशिगन स्टेटला प्रवेश मिळाला आणि गट पुन्हा दहाचा झाला.

यानंतरची वर्षं निरोपाच्या बातमीत कधी येत नाहीत, पण लहान संस्थेचा कस तिथेच लागतो. कित्येक वर्षं शिकागोला स्वतःचा गट नव्हता. जवळपासच्या लहान महाविद्यालयांशी सामने ठरवायचे, मिळेल तो प्रतिस्पर्धी घ्यायचा, असं चाललं. १९६३मध्ये फुटबॉल पुन्हा सुरू होण्याची चिन्हं दिसताच विद्यार्थी निषेध म्हणून मैदानात ठाण मांडून बसले. बड्या खेळाचा पैसा आणि त्याची दादागिरी परत येईल, ही त्यांची भीती खोटी म्हणता येणार नाही. तरी १९६९मध्ये विद्यापीठाचा अधिकृत फुटबॉल संघ उतरला, लहानसाच. जुनं स्टॅग फील्ड तोवर पाडलं गेलं होतं आणि त्या जागी ग्रंथालय उभं राहत होतं.

उत्तर सापडलं १९८६मध्ये. शारीरिक शिक्षण विभागाच्या प्रमुख मेरी जीन मल्वेनी यांच्या पुढाकाराने शिकागोने न्यूयॉर्क, एमरी, कार्नेगी मेलन अशा आपल्यासारख्याच संशोधनप्रधान विद्यापीठांना गाठलं आणि युनिव्हर्सिटी अ‍ॅथलेटिक असोसिएशन उभी राहिली. इथे खेळासाठी शिष्यवृत्ती नाही. स्त्री-पुरुषांचे संघ पुष्कळदा एकत्रच प्रवास करतात. गैरसोय आहे ती अंतराची: बोस्टनपासून अटलांटापर्यंत पसरलेल्या गटात विमानाशिवाय भागत नाही, आणि तो खर्च विद्यापीठ आपल्या खिशातून करतं. २०२२मध्ये शिकागोचा पुरुषांचा सॉकर संघ शिष्यवृत्तीविना खेळणाऱ्या विद्यापीठांच्या तिसऱ्या श्रेणीचा राष्ट्रीय विजेता झाला. प्रशिक्षक होत्या जुलियान सिच. पुरुषांच्या संघाला हे विजेतेपद मिळवून देणारी पहिली स्त्री. फुटबॉलसाठी मात्र विद्यापीठाने २०१७पासून जवळच्या मिडवेस्ट कॉन्फरन्सची वाट धरली. एकाच संस्थेने वेगवेगळ्या खेळांसाठी वेगवेगळे सोबती निवडावेत, हा शहाणपणा मला फार मोलाचा वाटतो.

मोठ्या पंगतीतून उठण्याचा आयडाहो विद्यापीठाचा अनुभव ताजा आहे. सन बेल्ट गटाने करार वाढवायला नकार दिला, तेव्हा २०१८मध्ये ते फुटबॉलपुरतं एक श्रेणी खाली उतरून आपल्या जुन्या बिग स्काय गटात परतलं. पूर्ण शिष्यवृत्त्यांची मर्यादा ८५वरून ६३वर आली. माजी विद्यार्थी चिडले, लाज वाटते म्हणाले. २०२३मध्ये हाच संघ राष्ट्रीय बाद फेरीत उपांत्यपूर्व सामन्यापर्यंत पोचला.

आपल्याकडे गट सोडता येत नाही, पण विद्यापीठ दुभंगतं. २०११मध्ये नागपूर विद्यापीठातून चंद्रपूर आणि गडचिरोली हे जिल्हे वेगळे होऊन गोंडवाना विद्यापीठ झालं. आंतरविद्यापीठ स्पर्धेत एका विद्यापीठाचा एका खेळात एकच संघ जातो. म्हणजे नागपूरच्या निवड चाचणीत ज्या मुलीला बाराव्या जागेसाठी झगडावं लागलं असतं, तिला आता स्वतःच्या विद्यापीठाची जर्सी मिळू शकते. ही कमाई खरी आहे. ती टिकायची तर जर्सीबरोबर पूर्णवेळ प्रशिक्षक, सरावाचं मैदान आणि भामरागड-सिरोंचासारख्या तालुक्यांतून चाचणीला यायचं एसटीचं भाडं, या तीन गोष्टींची तरतूद विद्यापीठाच्या अर्थसंकल्पात दरवर्षी नावानिशी दिसली पाहिजे.